शुक्रवारच्या पाच काड्या

कुणाच्याही घरी गेले की आमचे घरमालक आधी बोटाच्या पेराने भिंतीवर तीनदा ठोकत. मग भिंतीला कान लावत. आणि चहा यायच्या आत यजमानाकडे वळून निकाल देत, "पोकल हाय." लग्नघर असो, बारसं असो, डॉक्टरचा दवाखाना असो, निकालात बदल नसे. एकदा माझ्या वडिलांना भेटायला ते बँकेत गेले आणि लॉकरच्या खोलीबाहेर उभे राहून त्यांनी भिंत ठोकली. शिपायाने त्यांना दंडाला धरून बाकावर आणून बसवलं. बाकावरच्या अनोळखी माणसाला त्यांनी लगेच सांगितलं की ही पण पोकळच आहे, बघ बाबा तुझं तू.

पोकळ नसलेली भिंत त्यांच्या मते भिवंडीत एकच होती आणि ती त्यांनी स्वतः उभी केली होती. तिच्या पलीकडच्या दोन खोल्यांत आम्ही सात वर्षं भाड्याने राहिलो. वडील, आई आणि मी.

कामतघरला ती जागा पूर्वी त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होती. मग तिच्या तीन बाजूंना यंत्रमागांच्या शेड आल्या. तरुणपणी मालक त्याच शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. बारा तास माग ऐकून घरी यायचं आणि झोपेतही मागच ऐकायचा, याचा त्यांना इतका वैताग आला की घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी खोल्या किती हव्यात हा विचारच केला नाही. फक्त भिंती किती जाड हव्यात ते ठरवलं. दीड हात. बाहेरच्याच नव्हेत, आतल्यासुद्धा. गवंड्याने विचारलं की आतल्या भिंती कशाला एवढ्या, तर म्हणाले, आवाज एकदा आत शिरला की घरभर फिरतो, त्याला खोलीखोलीत अडवायचा. दारांना बाहेरून जाड पत्रा ठोकला होता आणि कडेने सायकलची जुनी ट्यूब कापून लावली होती. दार लावलं की फ्रिजचं दार लागल्यासारखा आवाज यायचा आणि मग खरोखरच काही ऐकू यायचं नाही. बाहेर सोळा माग खटाखट चालू असत आणि आत आपल्याच कानातलं गुणगुणणं ऐकू येई.

या भिंतीत खिळा ठोकायला बंदी होती. भाडेकरारात ते लिहिलेलं नव्हतं, पण किल्ली देताना त्यांनी आधी तेच सांगितलं. "भोक पडलं का आवाज घुसला." त्यामुळे त्यांच्या घरात काहीच टांगलेलं नसे. लग्नाचा फोटो शोकेसवर टेकवून ठेवलेला. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. भिंतीवरच्या घड्याळाला तर स्वतःची खुर्ची होती. पाहुणे आले की काकू, म्हणजे मालकांची बायको, घड्याळ उचलून मांडीवर घेत आणि पाहुण्याला खुर्ची देत. वेळ विचारली की मांडीत बघून सांगत.

आम्ही राहायला आलो तेव्हा मी कॉलेजात होते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, घरी मराठी, त्यामुळे मला दोन्ही भाषांत गप्प बसता येत होतं. मालकांना आयुष्यभराच्या मागांमुळे कमी ऐकू यायचं आणि माझा आवाज तसाही ओठांच्या फार पुढे जात नसे. पहिल्या वर्षी त्यांनी आईला बाजूला घेऊन, हळूच म्हणजे अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं, विचारलं होतं, "पोरगी बोलते ना? जलमापासून असं न्हाय ना काय?" आईने सांगितलं, बोलते, जरा लाजाळू आहे. तेव्हापासून मी समोर दिसले की ते म्हणत, "बाय, आवाज काढ. पोटात ठेवून काय त्याचं लोणचं घालतंस?"

त्यांचा स्वतःचा आवाज शेडमध्ये घडलेला होता. साधं मीठ मागतानाही ते मागाचा बीम तुटल्यासारखे ओरडत. माग चालू असताना बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून शेडमधली माणसं हातवाऱ्यांनी बोलतात, आणि मालकही तसेच बोलत. तळहात आडवा कापला की बंद. बोट हवेत गोल फिरवलं की चालू. पोटावर हात ठेवला की जेवायला चला. शेजारच्या तिन्ही शेडचे शेठ त्यांच्याच वयाचे. त्यांचं घराणं इथलं जुनं, कापडाच्या धंद्यातलं. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती होती आणि ती आठवड्यातले सहा दिवस कुंपणावरून हातवाऱ्यांनी चाले. शुक्रवारी भिवंडीत माग बंद असतात. त्या दिवशी शेठ नमाजानंतर मालकांच्या ओट्यावर येत आणि आठवडाभराचं बोलणं तोंडाने होई. मालक शेठना म्हणत, "तुझ्या मागांना आग लागो." शेठ म्हणत, "दादूस, चहा सांग आधी."

आमच्याकडे इंटरनेट यायचं ठरलं तेव्हा टेलिफोनच्या लाइनमनने सांगितलं की मागच्या खोल्यांपर्यंत दुसरी लाइन येणार नाही. मालकांच्या दिवाणखान्यात फोन होता, त्यावरच घ्या. मग वडिलांनी मालकांना गळ घातली आणि शिंगांसारख्या दोन दांड्यांचा, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा मालकांच्या शोकेसवर लग्नाच्या फोटोशेजारी येऊन बसला. काकूंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. वायर न लावता तो माझ्या लॅपटॉपपर्यंत इंटरनेट पोचवणार होता.

त्याने ते पोचवलं नाही. दिवाणखाना आणि आमची खोली यांच्या मध्ये एक बोळ होता. बोळाच्या त्या टोकाला त्यांचं पत्र्याचं दार, या टोकाला आमचं, आणि बाकी सगळी दीड हाती भिंत. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सिग्नलच्या पाच काड्या दिसायला हव्या होत्या, दिसायची एक, आणि तीही अधूनमधून. आमचं दार मी उघडून पाहिलं होतं. त्याने मागांचा आवाज तेवढा आत आला. वायर टाकायची तर भोक पाडायला बंदी. वडिलांनी दाराखालून वायर सरकवून पाहिली, ती दुसऱ्याच दिवशी पत्र्याच्या धारेत सापडून तुटली.

कुठलं यंत्र आपल्या घरात नीट चालत नाही, ही गोष्ट मालकांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी निवृत्तीतून बाहेर येऊन काम हातात घेतलं.

आधी त्यांनी डब्याला कान लावला. आवाज येत नाही म्हटल्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ताप हाय." मग दुपारी दोन ते चार डब्याला विश्रांती सुरू झाली. नंतर त्यांनी त्याच्या पाठीशी पितळेचं ताट उभं केलं, म्हणजे सिग्नल मागे न जाता पुढे येईल. काकूंना ते ताट जेवणाला लागे, त्यामुळे जेवणाच्या वेळेला आमचा सिग्नल आणखी कमी होई, असं ते सांगत. एका रविवारी डबा सुताच्या कांड्यांच्या टोपलीत घालून पंख्याच्या हुकाला टांगला. पंखा काढून ठेवला होता, हे सांगायला हवं, कारण तो मे महिना होता. काकूंनी पंखा परत लावायला लावला. एकदा मी बोळात आले तर मालक तेलाची लहान कुपी घेऊन डब्याकडे निघालेले. मागाला टाकतात ते तेल. मी दारात उभी राहिले आणि जोरजोराने मान हलवली. तेवढं पुरलं. कुपी खिशात ठेवून म्हणाले, "थेंबभरच टाकत होतो."

प्रत्येक प्रयोगानंतर ते बोळात येऊन, मागांचा आवाज घरात जाऊ नये म्हणून मागचं दार लावून ओरडत, "किती?" आणि मी आमच्या दारातून बोटं दाखवत असे. बहुतेकदा एक. किंवा मूठ. ही भाषा मला फार आवडली. त्यांच्याशी माझा सगळ्यात जास्त संवाद त्या महिन्यांत झाला आणि त्यात मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

बोटांचा हा आकडा ते कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवत. चतुर्थी, दूधवाल्याचा खाडा आणि आमच्या काड्या, सगळं एकाच चौकोनात. दोन महिने झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला आणि वडिलांना बोलावलं, गजाला बांधलेलं कॅलेंडर सोडून हातात घेतलं आणि शुक्रवारच्या रांगेवर बोट ठेवलं. पाच. चार. पाच. पाच. बाकी आठवडाभर एक, शून्य, एक.

"माग," ते म्हणाले. "माग सिग्नल खातात."

त्यांनी ते समजावूनही सांगितलं. सिग्नल म्हणजे हवेतला धागा. तो भिंतीतून येतो, भिंत त्याला काही करत नाही, पण सोळा माग हवा हादरवतात आणि हादऱ्याने धागा तुटतो. शुक्रवारी हवा शांत असते, धागा सरळ येतो. वडिलांनी वीज गेल्यावर माग बंद पडतात तेव्हा काय होतं, असं विचारून पाहिलं. पण वीज गेली की डबाही बंद पडायचा, त्यामुळे या सिद्धांताला तिकडून कुणी हात लावू शकत नव्हतं. आणि पाचचे आकडे तर मीच बोटांनी दाखवलेले होते.

सिद्धांत आठवडाभरात गल्लीत पसरला. चहाच्या टपरीवर माणसं मोबाइल नाकासमोर धरून शेडपासून चार पावलं लांब जात आणि मान डोलवत. लाइनमनला विचारलं तर तो म्हणाला, असू शकतं. शेठ एवढंच म्हणाले की आजवर कापडाचा भाव पडला तरी माझे माग, पाऊस लांबला तरी माझे माग, आता हेही.

खरं काय ते मला एका शुक्रवारीच कळलं. काकूंना ताप होता, उजेडाने डोकं दुखतं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. बाहेर माग बंद, गल्लीत कबुतरांचा आवाज ऐकू येत होता, आणि माझ्या स्क्रीनवर एक काडी. थोड्या वेळाने मालक भांडी घेऊन मोरीकडे जायला बाहेर आले, पत्र्याचं दार उघडं राहिलं, आणि पाच काड्या उभ्या राहिल्या. ते परत गेले, दार फस्सकन लागलं, एक. मी लॅपटॉप घेऊन बोळात जाऊन बसले. दार उघडलं, पाच. लागलं, एक. तीनदा.

एरवी शुक्रवारी मागांचा आवाज नसतो म्हणून त्या घराची दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असत. एवढंच होतं ते. बाकीचे सहा दिवस दारं बंद, आणि त्या पत्र्यातून आणि त्या भिंतीतून सिग्नल येणं शक्यच नव्हतं.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचं म्हणजे टपरीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाणार होतं, आणि ज्या माणसाने दोन महिने चौकोनांत आकडे लिहिले, त्याला तुमचं चुकलं असं मी म्हणायचं. तेही दोष मागांचा नाही, भिंतीचा आहे असं. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

याच सुमारास मला नोकरीची मुलाखत आली. बेंगळुरूची एक कंपनी शाळेच्या मुलांसाठी संगणकावरचे धडे बनवायची. आलेले धडे तपासून चुका दुरुस्त करायच्या, घरी बसून, कुणाशी न बोलता. मला वाटलं की ही नोकरी कुणीतरी माझ्याकडे बघूनच काढली आहे. पदवी होऊन दीड वर्ष झालं होतं. आत्याने आणलेली स्थळं घरात येऊ लागली होती आणि वडील म्हणाले होते की नोकरी असेल तर त्यांना थांबवायला माझ्याकडे काहीतरी कारण राहील. फक्त या न बोलायच्या नोकरीसाठी आधी अर्धा तास बोलायचं होतं. स्क्रीनवर ते धडा दाखवणार, मी त्यातल्या चुका इंटरनेटवरून बोलून सांगायच्या. बुधवारी सकाळी अकरा वाजता. शुक्रवार चालेल का, असं मी लिहून विचारलं. त्यांनी बुधवारच ठेवला.

मालकांच्या दिवाणखान्यात बसावं, तर आदल्या महिन्यात मामेबहिणीशी बोलायला मी तिथे बसले होते आणि तिने काय चाललंय असं विचारल्यावर माझ्या आधी मालकांनी उत्तर दिलं होतं, सविस्तर, काकूंच्या गुडघ्यासकट. सायबर कॅफेत आई पाठवेना, आणि तिथल्या पुठ्ठ्याच्या आडोशात, पाच अनोळखी पाठी जवळ असताना, मी बोलणंही शक्य नव्हतं.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण आईने काकूंना सांगितलं. शुक्रवारी ओट्यावर मालकांनी शेठपुढे विषय काढला. ते मी दाराआडून ऐकलं. बुधवारी अकरा ते बारा सगळे माग बंद ठेव, असं ते शेठना सांगत होते, विनंती वगैरे नव्हती. चाळीस वर्षांत त्यांनी शेठना एकदाही माग बंद ठेवायला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या झोपेसाठीसुद्धा नाही. त्यासाठी त्यांनी भिंत बांधली होती.

शेठनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "पोरीची नोकरी हाय ना? ठीक. पण कारागिरांना मी नाय बोलणार. तू बोल."

मंगळवारी संध्याकाळी नळावर शेडमधला एक कारागीर आईला भेटला. उत्तर प्रदेशातला, आमच्या दारावरून रोज जाणारा. म्हणाला, "भाभी, कल ग्यारह बजे हम लोग हाथ रोक लेंगे. बिटिया आराम से बात करे." आई घरी येऊन किती वेळ गहिवरून बोलत होती. मग सहज म्हणाली, त्यांना मीटरवर मजुरी असते, तेवढं कापड कमी निघणार बिचाऱ्यांचं.

मला जेवण गेलं नाही. मी उठले आणि मालकांकडे गेले. ते टीव्हीवर बातम्या बघत होते, आवाज पूर्ण मोठा. मी म्हटलं, काका, मागांचं काही नाही, ते दाराचं आहे. ते माझ्याकडे प्रेमाने बघत राहिले. मी परत म्हटलं. ते म्हणाले, "घाबरू नको, बाय. मी पयल्यांदा माग खोलला तवा माझे पन हात कापले. समोरच्या मानसाकडं बघायचंच न्हाय, मशीनकडं बघायचं." आणि काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. साखर घेऊन मी परत आले.

बुधवारी पावणेअकराला मी दार लावून लॅपटॉपसमोर बसले. अकराला पाच मिनिटं असताना भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही, पण जमिनीतून पायाला जाणवणारी थरथर एकदम थांबली. सोळा माग बंद. मी स्क्रीनकडे बघितलं. एक काडी. मग तीही गेली.

मी दार उघडून बाहेर आले. बोळाच्या त्या टोकाचं पत्र्याचं दार घट्ट लावलेलं होतं आणि त्याला पाठ लावून, कुणी मला त्रास देऊ नये म्हणून, मालक स्टुलावर बसले होते. बोळाच्या तोंडाशी शेठ उभे होते. त्यांच्यामागे उन्हात सगळे कारागीर उकिडवे बसले होते, हात मांडीवर, काहीही न करता. त्या हातांना रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मालकांनी भुवया उंचावल्या. किती?

मी मूठ दाखवली.

मालकांचा चेहरा पडला. ते शेठकडे वळले आणि म्हणाले की मागच्या गल्लीतले माग चालू असतील, तिकडे पण माणूस पाठवायला पाहिजे.

"काका, मागांमुळे नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मागांमुळे नाही."

"काय? आवाज काढ."

अकराला तीन मिनिटं होती. मी आवाज काढला. तो माझ्यात कुठे होता कोण जाणे, पण निघाला तेव्हा मी स्वतःच दचकले.

"माग सिग्नल खात नाहीत. तुमचं दार खातं. दार उघडा आणि माग चालू करा."

आई भाजी चिरायची थांबून बाहेर आली. कारागीर उभे राहिले. मालक स्टुलावरून उठले, माझ्याकडे बघत बघत त्यांनी पत्र्याचं दार उघडलं, आणि माझ्या दारातून आत वाकून लॅपटॉपकडे पाहिलं. पाच. ते गेले, दार लावलं, कुणालातरी ओरडून विचारलं, "किती?" शेठ आत डोकावून म्हणाले, "एक." दार उघडलं. शेठ म्हणाले, "पाच." मालक दोन्ही दारांच्या मध्ये उभे राहिले. मला वाटलं, आता हे माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीत.

मग त्यांनी हात वर केला आणि बोटाच्या पेराने भिंतीवर तीनदा ठोकलं.

"म्हंजे येच्यातनं सिग्नल पन न्हाय जात?"

मी मान हलवली.

"काईच न्हाय जात?"

"काहीच नाही."

ते शेठकडे वळले. त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला होता. "आयकलं काय, शेठ? आवाज तं न्हायच जात. आता आजकालचा सिग्नल पन न्हाय जात. काय भिंत हाय."

"मंग चाळीस वर्षं माझ्या मागांना शिव्या दिल्यास त्याचा काय?" शेठ म्हणाले.

"त्या वेगल्या." असं म्हणून मालकांनी उन्हातल्या माणसांकडे बघून बोट हवेत गोल फिरवलं.

दार उघडं ठेवायला त्यांनी स्टूल अडकवलं. एक एक करत सोळा माग सुरू झाले आणि त्या घरात आजवर न शिरलेला सगळा आवाज बोळातून आत आला. त्या आवाजात माझी मुलाखत झाली. पलीकडच्या बाईंनी विचारलं की मागे काही यंत्र चालू आहे का, बंद करता येईल का. मी त्यांना सांगितलं की सोळा माग आहेत, ते बंद होणार नाहीत, तुम्हाला माझं ऐकू येतं ना? त्या म्हणाल्या, स्पष्ट. मग मी अर्धा तास इंग्रजीत ओरडत होते. धड्यात बारा चुका होत्या, मी चौदा काढल्या. ओरडताना लाजता येत नाही, हे मला तेव्हा कळलं, दोन्हीला एकच श्वास लागतो. मालक बोळात स्टुलाशेजारी उभे होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. नंतर आईला म्हणाले, काय बोलली ते काय कळलं न्हाय, पन आवाज बरा लागला.

नोकरी लागली. कळवताना त्या बाईंनी लिहिलं होतं की बोलण्यात आत्मविश्वास दिसला. हे पत्र वडिलांनी दोनदा वाचलं आणि नाव माझंच आहे ना ते पाहिलं.

तेव्हापासून मी काम करायचे तेवढा वेळ, दहा ते पाच, मालक त्यांचं दार उघडं ठेवू लागले. हे ठरलं असं कधी झालं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला दार उघडलं, त्यात मागाचा एक मोडका धोटा पाचर म्हणून बसला, आणि तो तिथेच राहिला. ज्या आवाजासाठी त्यांनी आयुष्यात एकच मोठं बांधकाम केलं, त्या आवाजात ते कानात कापूस घालून दिवाणखान्यात बसून राहत. काकू आणि ते घरातही हातवाऱ्यांनी बोलू लागले. मी एकदा म्हटलं, आता मी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणत असे, की काका, एक लहानसं भोक पाडून वायर घेतली तर दार लावता येईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पुढे वडिलांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. इथल्या भिंती पातळ आहेत, शेजाऱ्यांची शिंक मोजता येते, आणि सिग्नल न्हाणीघरातही पाच काड्या असतो. आलो त्या दिवशी सामान उतरवायच्या आधी मी भिंत ठोकून पाहिली. निकाल तोच.

महिन्यातून एकदा मी मालकांना फोन करते. शुक्रवारी करत नाही, शुक्रवारी शेठ असतात. दोघंही ओरडून बोलतो, आणि माझ्या नव्या ऑफिसातली माणसं मान वर करून बघतात, कारण एरवी त्यांनी माझा आवाज फारसा ऐकलेला नाही. मागच्या खोल्यांत आता दोघं नोकरीवाले राहतात. सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात. दिवसा त्या घरात सिग्नलची गरज कुणालाच नसते.

तरी परवा भर दुपारी फोन केला तर पलीकडून सोळा माग ऐकू येत होते. मी विचारलं, काका, दार उघडंच ठेवलंय?

"हवा येते," ते म्हणाले.

त्या बोळातून कधीही हवा येत नाही. सात वर्षं मी तिथे घाम पुसत राहिले आहे. हे ओरडून सांगणं आता मला जमलं असतं. पण मी काही बोलले नाही.